पहिली चार मिनिटं

माझ्या मामाला बीथोव्हेन, बाख, मोझार्ट, हायडन, ब्राम्स आणि शूबर्ट ही सहाही माणसं घरच्यासारखी होती. आपल्या हुशार चुलतभावाचं नाव घेऊन लोक जसं दुसऱ्याच्या मुलांना टोचतात, तसा तो या सहा जणांचा उपयोग करायचा. "बाख काय करायचा माहीत आहे का?" असं त्याने सुरू केलं की आपलं काहीतरी चुकलेलं आहे एवढं समजून घ्यायचं आणि खुर्ची ओढून बसायचं. सुटका नव्हती.

गंमत अशी की यांतल्या एकाचीही एकसुद्धा रचना मामाने शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाहीये. तोंडावरही कितीदा बोलले, पण त्याला ऐकू येत नव्हतं.

मामा पाणी कंपनीच्या तक्रार विभागात होता. मीही तिथेच चिकटले, त्याने शब्द टाकला म्हणून. राहायलाही त्याच्याकडेच होते, कारण माझं गाव लांब, आणि मामी म्हणाली, "भाड्याच्या खोलीत कशाला राहतेस? ताईची खोली रिकामीच आहे." ताई म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. तिच्या आधी तिचा भाऊ, दादा, नोकरीसाठी गेला होता, आणि त्याच्याही आधी मामाची आई वारली होती. एवढ्या मोठ्या घरात दोघंच उरलेली. तेव्हा हा माणूस मी ऑफिसातही पाहिला आहे आणि घरातही. दोन्हीकडे तो अगदी सारखाच वागायचा, हेच तर दुखणं होतं.

तक्रार विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लांबलचक खोली, खिडक्या एकाच बाजूला, टेबलांच्या दोन रांगा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, मीटर बंद पडलाय पण बिल चालू आहे, दारात पाइप फुटून तळं झालंय, असं लोक दिवसभर सांगायचे आणि आम्ही दिवसभर नोंद करायचो. नोंद करणं एवढंच आमचं काम. दुरुस्ती करणारे तळमजल्यावर बसायचे आणि त्यांचा फोन कधी लागायचा नाही.

सगळ्या लाइन भरलेल्या असल्या की फोन करणाऱ्याला होल्डवर संगीत ऐकू यायचं. त्यासाठी एक करडी पेटी भिंतीला ठोकलेली होती. तिच्यात सहा थोर संगीतकारांची एकेक रचना होती. थोरच का, तर ही मंडळी जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की आमचं का वाजवता म्हणून कोणी भांडायला येत नाही. पण प्रत्येक रचनेची फक्त पहिली चार मिनिटं. त्याहून जास्त वेळ कोणी फोन कानाला लावून बसेल हे पेटी बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. त्याचा आमच्या कंपनीशी कधी संबंध आला नव्हता. चार मिनिटं झाली की संगीत मध्येच तुटायचं आणि पुढच्या थोराचं सुरू व्हायचं.

अधूनमधून संगीत बारीक होऊन एक आवाज यायचा: "आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. कृपया थांबा." तो आवाज मामाचा. पेटी आली तेव्हा मामा तिशीतला होता, मीटर वाचत घरोघर फिरायचा, आणि जिन्याखालून त्याने "पाणी कंपनी!" अशी हाक दिली की वरच्या मजल्यावरची माणसं दार उघडून उभी राहायची. तेव्हाच्या साहेबांनी तो आवाज हेरला, पेटीत भरला, आणि मागोमाग मामालाही उचलून तक्रार विभागात बसवलं. मामी त्या काळी शेजारणींना बोलावून कंपनीचा नंबर फिरवायची आणि सगळ्याजणी आळीपाळीने रिसीव्हर कानाला लावून ऐकायच्या. पलीकडून खरंच कोणी उचलला की मामी घाबरून फोन ठेवून द्यायची. तेव्हा तिची कसली तक्रार नव्हती.

पेटीबरोबर एक घडीचं पत्रक आलं होतं. सहाही जणांची माहिती, प्रत्येकी आठ-दहा ओळी. मामाची सगळी संगीतविद्या त्या पत्रकात मावलेली, पण आठ ओळींतून आठशे धडे काढणारा माणूस तो. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्याने मला मोझार्ट दिला. "मोझार्टने सहाव्या वर्षी राजवाड्यात वाजवलं. तू किती वर्षांची?" मी म्हटलं, सव्वीस. "म्हणजे वीस वर्षं वाया घालवलीस," असं म्हणून त्याने मला पेन दिलं.

बाख त्याने आळशी माणसांसाठी राखून ठेवला होता. बाखला वीस मुलं झाली, तरी तो दर रविवारी चर्चसाठी नवं संगीत तयार ठेवायचा, मग तुम्हाला कसला वेळ पुरत नाही, असा त्याचा सवाल. एकदा त्याने हा धडा मामीवरही चालवला. मामी इस्त्री करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वीस मुलं त्याला नाही झाली. त्याच्या दोन बायकांना झाली. वेळ पुरत होता का ते त्यांना विचारा." मामा म्हणाला, "छान."

शूबर्ट घरकामासाठी होता. न्हाणीघराचं दार मामाने रंगवायला घेतलं आणि कडीपर्यंत निळं करून सोडून दिलं. वरचा अर्धा भाग जुन्या पिवळ्या रंगाचा. पाहुणे विचारायचे. मामा सांगायचा की शूबर्टने एक सिंफनी अर्धवट ठेवली आणि आज जग त्या अर्धवटपणावरच जीव ओवाळून टाकतं. पाहुणे मान डोलावून आत जायचे. जग काही आमच्या दाराकडे बघायला आलं नाही.

ब्राम्स मात्र खास ग्राहकांसाठी. कोणी फार चिडून बोलायला लागलं की मामा आवाजात मध घालून म्हणायचा, "आपल्याला माहीत असेलच, ब्राम्सने पहिल्या सिंफनीला वीसेक वर्षं घेतली. चांगल्या कामाला वेळ लागतो." एका बाईंच्या नळाला तीन आठवडे पाणी नव्हतं. त्यांनी यावर जे उत्तर दिलं ते शेजारच्या टेबलावर मला स्पष्ट ऐकू आलं आणि माझे कान तापले. मामाने त्यांचे आभार मानले आणि नोंद क्रमांक दिला.

मग हायडन. त्याचा धडा असा की त्याने एकाच मालकाकडे जवळजवळ तीस वर्षं चाकरी केली, कुरकुर केली नाही. हा धडा साहेबांना इतका भिडला की त्यांचे डोळे पाणावले. आत्ताचे साहेब म्हणजे गोड बोलून गळा कापणारे गृहस्थ. खिडकीजवळ बसणाऱ्या बाईंनी बहिणीच्या बाळंतपणासाठी रजा मागितली, तर साहेबांनी अर्जावर फक्त 'हायडन' असं लिहून खाली सही केली. बाईंना वाटलं, मंजूर झाली. आम्ही समजावून सांगितल्यावर त्या प्रसाधनगृहात जाऊन रडल्या.

साहेबांचंही चूक नव्हतं म्हणा. थोरांची इतकी चरित्रं, आणि सगळ्यांतून निघत काय होतं, तर ग्राहकाने थांबावं आणि नोकराने रजा मागू नये. अशी चरित्रं कुठल्या साहेबाला आवडणार नाहीत? त्यांनी फर्मान काढलं की दर सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं मामा सगळ्यांना 'थोरांचे धडे' देईल. त्या पंधरा मिनिटांत फोन कोणी उचलायचा नाही. थोर लोक आमच्याशी मामाच्या तोंडून बोलायचे आणि ग्राहकांशी भिंतीवरच्या पेटीतून.

आता कानांचं सांगते. मामाचे कान नक्की कधी गेले हे त्यालाही सांगता आलं नसतं. एकदम गेले असते तर कळलं तरी असतं. ऑफिसात त्याचं निभावून जायचं, कारण हेडफोनचा आवाज त्याने शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. त्याचे ग्राहक काय बोलतात ते अर्ध्या खोलीला कळायचं. त्यातूनही जे सुटायचं त्याने काही बिघडत नव्हतं. तक्रार कुठलीही असो, आमचं उत्तर ठरलेलं. कोणी शिव्या घातल्या तरी मामाच्या चेहऱ्यावर सुरकुती पडत नसे, म्हणून त्याला 'सर्वांत शांत कर्मचारी' असं बक्षीस मिळालं. एकदा नाही, तीन वर्षं लागोपाठ.

घरात हेडफोन नव्हता. तिथे त्याने एक शब्द शोधून काढला होता. छान. चहा ठेवू का? छान. दिवे गेलेत. छान. दादाचा फोन आला होता, त्याला ताप आहे. छान, छान. आपल्याला ऐकू आलं नाही असं कबूल करणं त्याच्या जिवावर यायचं. ज्या माणसाचा आवाज सगळ्या गावाला थांबवून ठेवतो, त्याने "काय म्हणालात?" असं विचारायचं म्हणजे काय!

मामीने सुरुवातीला एकच गोष्ट दोनदा सांगून पाहिली. मग जोरात सांगून पाहिली. मग ओरडून सांगायला लागली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू भांडण सोडवायला वर आल्या. त्यानंतर मामीने नाद सोडला. कामापुरतं ती हातवारे करायची आणि बाकीचं वॉशिंग मशीनशी बोलायची. मी घरात असले की माझ्याशी बोलायची, पण मी म्हणजे शेवटी भाची. संसाराच्या सगळ्या गोष्टी भाचीशी बोलता येत नाहीत.

कानाच्या डॉक्टरकडे तिने त्याला एकदा ओढत नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरने तपासून शेंगदाण्याएवढं यंत्र तळहातावर धरून दाखवलं. मामाने त्याचा हात हळूच बाजूला सारला. "डॉक्टर, बीथोव्हेनला शेवटी शेवटी काहीही ऐकू येत नव्हतं. तो थांबला का?"

डॉक्टर हसला. "अहो, तो मोठाले कर्णे लावून बसायचा कानाला. हे यंत्र त्याला दिसलं असतं तर माझ्या हातातून हिसकावून नेलं असतं."

"छान," असं म्हणून मामा उठला.

परतताना रस्त्यात मामी म्हणाली, "बीथोव्हेनने लग्न केलं नव्हतं, म्हणून चाललं त्याचं." हे ती मामाला म्हणाली होती. ऐकलं मी.

या सगळ्या थोरांबद्दल मामीला माहिती कुठून, तर रेडिओवरून. रविवारी दुपारी जेवण झालं की मामा रेडिओ मोठ्याने लावायचा आणि डोळे मिटून आरामखुर्चीत बसायचा. ओळखीचा भाग सुरू झाला की हात हवेत फिरवायचा. चार मिनिटं झाली, ओळखीचं संपलं, की हात खाली आणि घोरणं सुरू. मामी कपड्यांच्या ढिगापाशी उभी असायची. रेडिओ बंद करावा तर हा दचकून उठायचा, म्हणून तो चालूच. असं करता करता तिने सगळ्यांचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, आणि संगीत संपल्यावर निवेदक जे काही सांगतो तेही. तिने त्यातून एकही धडा काढला नाही. ती इस्त्री करत होती.

ताईला बाळ झालं आणि तिने आईला बोलावलं. चार दिवस नाही, राहायलाच ये म्हणाली. मामी तिच्याशी फोनवर तासभर बोलली. मग मला म्हणाली, "तासभर बोलले गं मी. दोघी मिळून बोललो. मी विसरले होते असं असतं ते."

तिने मामाला विचारलं. सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, "ताईकडे जाऊ का मी, राहायला?" मामा पाव मोडत म्हणाला, "छान." दुसऱ्यांदा तिने जिन्यात सांगितलं, कायमचं म्हणतेय हो मी. छान. तिसऱ्यांदा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, चष्म्यासमोर, आणि सावकाश म्हणाली, "मंगळवारच्या बसचं तिकीट काढू?" मामाने तिच्याकडे बघून गोड हसून दाखवलं. "छान, छान," तो म्हणाला. मामीने तिकीट काढलं.

मी तिच्यामागे लागले. मी सांगते त्याला, मी ऑफिसात फोनवरून सांगते, नाहीतर तू चिठ्ठी लिहून दे.

"चिठ्ठी लिहायला मी काय दूधवाल्याशी संसार केला?" मामी म्हणाली. "आणि तू बोलायचं नाहीस, शपथ आहे तुला. तू सांगितलंस तर ते तुझं ऐकतील. माझं ऐकायचं राहूनच जाईल."

बॅग भरून न्हाणीघराच्या अर्ध्या निळ्या दाराशी ठेवली होती. मामा रोज तिला वळसा घालून जायचा. एकदा अडखळला आणि मला म्हणाला, "कोणी येणार आहे का गं?" मी शपथेला जागले. मामाचा मला इतका राग आला होता आणि इतकी दयाही येत होती की जेवण जाईना.

सोमवार उजाडला. बस मंगळवारी सकाळची. ऑफिसात 'थोरांचे धडे' झाले आणि तेही नेमके हायडनचे. मामा म्हणाला की खरा कलावंत आपली जागा सोडून उठत नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. आम्ही हेडफोन चढवले आणि पहिला फोन माझ्या टेबलावर आला.

"ग्राहक बोलतेय," पलीकडून मामी म्हणाली. "पंधरा मिनिटं रांगेत थांबून आले आहे. आता तुझ्या मामाकडे लाइन दे. आणि तू ऐकत राहिलीस तरी चालेल, साक्षीला कोणीतरी हवं."

मी लाइन जोडून दिली. मामाने पेन उचललं.

"नमस्कार, तक्रार विभाग. पत्ता सांगा."

मामीने पत्ता सांगितला. मामाने रस्ता लिहिला, इमारत लिहिली, मजला लिहिला, आणि आपण आपल्याच घराचा पत्ता लिहितोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. जन्मभर इतके पत्ते लिहिले होते की त्याचा हात आता त्याला विचारत नसे. आवाज त्याने ओळखला नाही. कसा ओळखणार? गेल्या कित्येक वर्षांत तो नीट ऐकलाच कुठे होता?

"तक्रार काय आहे?"

"मी बोलते ते पलीकडे पोचत नाही."

"किती दिवसांपासून?"

"पाच-सहा वर्षं झाली असतील."

"यापूर्वी तक्रार केली होती?"

"रोज करते. या महिन्यात तीनदा तर अगदी समोर उभं राहून केली."

"मग काय उत्तर मिळालं?"

"छान."

मामाचं पेन थांबलं. त्याने लिहिलेला पत्ता वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द.

"तू?" तो म्हणाला.

"मीच. अहो, उद्या सकाळच्या बसने मी ताईकडे जातेय. राहायला. परत कधी येईन ते ठरवलेलं नाही. तुम्हाला विचारूनच ठरवलं. तुम्ही छान म्हणालात."

"मी? मी कधी म्हणालो?"

"चहा घेताना म्हणालात. जिन्यात म्हणालात. आणि माझ्या तोंडाकडे बघून हसत हसत म्हणालात."

अर्ध्या खोलीचे फोन वाजत होते पण त्या रांगेतल्या कोणीच ते उचलत नव्हतं, कारण मामाच्या हेडफोनमधून सगळं सगळ्यांना ऐकू जात होतं.

"आत्ता थांबले होते तेव्हा तुमचा हायडन लागला होता," मामी म्हणाली. "त्याचं पुढे काय होतं ठाऊक आहे?"

"पुढे?"

"मालकाने वादकांना किती दिवस घरी सोडलं नव्हतं. बायका-मुलं तिकडे वाट बघत होती. म्हणून हायडनने शेवट असा लिहिला की वाजवता वाजवता एकेक जण उठतो, आपल्यापुढची मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. शेवटी दोघं व्हायोलिनवाले उरतात, अगदी हळू वाजवत. मालकाला कळलं आणि त्याने सगळ्यांना घरी पाठवलं. रेडिओवर सांगतात हे, संपल्यावर. तुम्ही झोपलेले असता."

मामाने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता.

"आपल्याकडेही उठलेच ना एकेक. सासूबाई गेल्या, दादा गेला, ताई गेली. दोघं उरलो. पण मी एकटीच वाजवत होते हो इतकी वर्षं. आता मीही उठते."

मग मामाने असं काही केलं जे फक्त आमच्या विभागातला माणूसच करू शकतो. उत्तर सुचलं नाही की आमच्यात पिवळं बटण दाबतात. मामाने पिवळं बटण दाबलं आणि आपल्या बायकोला होल्डवर टाकलं.

पेटीतून बाख सुरू झाला. मला वाटलं, उठून त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घालावा. पण तेवढ्यात मामाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि तो चालायला लागला. छत्री नाही, डबा नाही, साहेबांची परवानगी नाही. साहेब केबिनच्या दारात आले. "अहो, कुठे निघालात? अहो, हायडन! हायडन विसरलात का?"

मामाला ऐकू आलं नाही. त्या बहिरेपणाचा तेवढा एक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला.

पिवळा दिवा लुकलुकत राहिला. मी लाइनवरच होते. बाख तुटला, मोझार्ट लागला. मोझार्ट तुटला, शूबर्ट लागला. मध्येच संगीत बारीक झालं आणि तिशीतला मामा म्हणाला, "आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. कृपया थांबा."

"मामी," मी म्हटलं, "ठेव फोन. मामा उठून गेलाय. घरीच येत असेल."

"कळलं मला. तू मध्ये बोलू नकोस," मामी म्हणाली. "ऐकू दे. किती छान म्हणायचे ते तेव्हा."

ऑफिस ते घर चालत पंचवीस मिनिटं. सगळे थोर एकदा येऊन गेले आणि बाख पुन्हा लागला. मग पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, बॅगेला काहीतरी आपटल्याचा आला, आणि मामाची धाप ऐकू आली. मामीने रिसीव्हर बाजूला ठेवला असावा, पण फोन बंद केला नाही.

"केवढी धाप लागली आहे. पाणी देऊ का?" ती म्हणाली. हळूच म्हणाली. ओरडणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

मी डोळे मिटून घेतले. आता तो छान म्हणणार आणि उद्या ही बसमध्ये बसणार.

"काय म्हणालीस?" मामा म्हणाला. "मला ऐकू आलं नाही गं. परत सांग."

मग मामीने सगळा जीव एकवटून, तळमजल्यापर्यंत जाईल असं ओरडून विचारलं, "पाणी देऊ का?"

"दे," मामा म्हणाला. "आणि मग ते बसचं सांग."

मी लाइन तोडली. पुढची तक्रार माझ्या विभागातली नव्हती.

मंगळवारची बस मामीने चुकवली नाही. जायचं ठरलं ते ठरलं, बाळाला बघायचंच होतं. फक्त तिच्या शेजारच्या सीटवर मामा होता, आणि परत कधी यायचं ते ताईच्या शहरातला कानाचा डॉक्टर सांगेल तसं ठरणार होतं. निघताना मामाने रजेचा अर्ज माझ्या हातात कोंबला. इतक्या वर्षांतली त्याची पहिली रजा. मी तो साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. कारणाच्या रकान्यात त्याने आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: हायडनचा शेवट.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "शेवट म्हणजे? तीस वर्षं चाकरी केली, हाच ना शेवट?"

"नाही साहेब," मी म्हटलं, आणि केबिनचं दार उघडंच ठेवून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना ते एकेक करून उठणाऱ्या वादकांचं सांगितलं. सांगून बाहेर आले तेव्हा खिडकीजवळच्या बाई खणातून कोरा कागद काढत होत्या.